फॉर्मवर लिहिलेलं ‘नाही’

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला ठाऊक होतं ते अर्धंच.

मी लासुर्ण्याची. बारामतीत पीएच.डी. करत होते. आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात ना रक्तात — त्यांच्यावर निकोटिन पकडणारे रिसेप्टर असतात. निकोटिन तिथं चिकटलं की किती पेशी मरतात, हे आम्ही मोजायचो. त्यासाठी तंबाखूला कधीच न शिवलेल्यांचं रक्त लागायचं. एकजण ऐनवेळी आला नाही, तेव्हा आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, आज तुझंच घेऊ. फॉर्मवर रकाना होता — तंबाखू? मी लिहिलं, नाही.

मी मिश्री लावायचे. दहावीत दाढ ठणकत होती तेव्हा आईनंच बोटावर दिली, ती पुढं सुटलीच नाही. हॉस्टेलच्या न्हाणीघरात आतून कडी लावून भाजलेली तंबाखू दातांवर घासायची आणि मग प्रयोगशाळेत जाऊन निकोटिनवर बोलायचं — हे कुणाला सांगणार होते?

निकोटिन मिसळायचं काम सुषमाकडं होतं. वरकुट्याची, माझ्याच बरोबरीची. इतरांच्या पेशी भराभर मेल्या होत्या. माझ्या फारशा मरेनात. पुन्हा रक्त काढलं, पुन्हा तेच. माझ्या पेशींना निकोटिनची सवय होती, दुसरं काय? मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, “तू नक्की काही घेत नाहीस ना?”

“नाही, मॅडम.”

पहिलं ‘नाही’ लाजेनं लिहिलं असेल. पण हे? सुषमा काचेपलीकडं उभी होती. माझ्या एका शब्दावर तिचं काय होणार, हे मला दिसत होतं.

मॅडमनी ठरवलं, सुषमाचं मिश्रणच दरवेळी कमीजास्त होतंय. तिची आधीची सगळी मोजणी रद्द झाली. ती रडली नाही, वाद घातला नाही. नळ्या धुऊन जागेवर ठेवल्या. महिन्याभरात गावी गेली, परत आली नाही. माझ्या जागी दुसऱ्याचं रक्त घेतलं, आणि मला डॉक्टरेट मिळाली. मॅडमचा फोन आला की अजून उचलायच्या आधी तेच मनात येतं — आता कळलं असेल का?

परवा बारामतीच्या एसटी स्टँडवर सुषमा दिसली. इंदापूरला शाळेत शिकवते. तिनंच हाक मारली, चहा पाजला. आणि अगदी सहज म्हणाली, “मॅडमचं खरं हुतं गं. माझा हातच कच्चा हाय. शाळंत मी प्रयोग करतच न्हाय — फळ्यावर काढून दावते.”

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? गाडी लागायला बराच वेळ होता. आम्ही दोघीच होतो.

गाडी लागली. मी तिची पिशवी वर दिली आणि म्हणाले, सावकाश जा.