बॅटरी उतरली, असं मी म्हणाले

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, बहिणीपुढं नाही, रोज सकाळी लिंगपूजेला बसते तिथंही नाही. आता तुम्ही ऐकायला बसलाच आहात तर — थांबा, आधी घरचं सांगते. एकदम मुद्द्यावर यायचं मला जमायचं नाही.

बीडमध्ये आमचं भुसार दुकान. लेक पल्लवी बारावीला गेली तसं ह्यांनी घरात नेट घेतलं आणि ते वाय-फायचं मशीन खिडकीत बसवलं. गावात तेव्हा हे नवीनच. त्याला पासवर्ड टाकायचा असतो हे आम्हाला कुठं ठाऊक? थोड्याच दिवसांत बघते तर काय, आमच्या भिंतीला टेकून पोरं बसलेली, मांडीवर लॅपटॉप. क्लाससाठी खेड्यापाड्यातनं आलेली, ना ओळख ना पाळख. पल्लवी म्हणाली, "आई, आपलं नेट चोरतेत ही." मी म्हणाले, "चोरतेत कशाला? माझ्या घरचं हाय, मी देते!" मोठेपणा वाटायचा हो मला, खोटं कशाला बोलू? भारनियमनात अख्खी गल्ली बंद पडायची, पण आमचं मशीन इन्व्हर्टरवर चालू. बायका म्हणायच्या, अक्काच्या दारातनं कुणी रिकामं जात न्हाई. ऐकायला लई गोड लागायचं.

त्या पोरांत एकच मुलगी — सविता. तिकडं कडा गावची, इथं मामाकडं राहून शिकणारी. मामा रिक्षा चालवायचा. चुलतभावाचा जुनाट लॅपटॉप छातीशी धरून यायची. बाकीचे गाणी उतरवून घ्यायचे, ही अभ्यास करायची. पल्लवीच्याच वर्गात होती, आणि हुशार. मार्क आले तेव्हा कळलं, दोघींना सरकारी कॉलेजात एकच शाखा पाहिजे, आणि यादीत सविता पल्लवीच्या वर आहे. पल्लवी जेवेना. "तूच तिला नेट देऊन पुढं काढलीस," म्हणाली. मी तिला दटावलं. पण ते बोलणं — ते पोटात राहिलं माझ्या.

मग कॉलेजची पसंती भरायचा शेवटचा दिवस आला. पल्लवीनं सकाळीच भरून टाकली होती. दुपारी लाईट गेली. पावसाचा पत्ता नव्हता, नुसती तगमग. सविता धापा टाकत फाटकाशी आली. वडलांना ती दादा म्हणायची.

"काकू, दादा आत्ता कुठं हो म्हणलेत. पाचला बंद हुतंय सगळं. आज न्हाई भरलं तर उजवून टाकतेत मला, स्थळ बघून ठिवलंय त्यांनी."

"मग भर की गं. तुझंच घर समज," मी म्हणाले. आणि आत आले.

आत येऊन काय केलं? इन्व्हर्टरपाशी गेले. बॅटरी भरलेली होती, हिरवा दिवा मला दिसत होता. मी बटण बंद केलं.

पंखा थांबला. कॉटवर भिंतीकडं तोंड करून पल्लवी पडली होती, ती वळली. माझ्याकडं बघितलं. काही विचारलं नाही तिनं — परत भिंतीकडं वळली. घर इतकं गप्प झालं की बाहेर सविता लॅपटॉप घेऊन फिरतेय ते चपलांच्या आवाजावरून कळत होतं. खिडकीखाली आली. मग दारापाशी. मग परत खिडकीखाली. माझ्या अंगावरनं घाम ओघळत होता आणि मी जागची हलले नाही.

"काकू, रेंज गेली का ओ?"

"बॅटरी उतरली गं बाई. मुडदा बशिवला ह्या लाईटीचा!"

जिभेला हाड नसतं म्हणतात, माझी तर साधी अडखळलीही नाही. ती बसस्टँडकडं पळाली, तिथं जनरेटरवाला एक कॅफे होता. तिला हाक मारता आली असती. बटण परत दाबायला असा कितीसा वेळ लागतो? मी दाबलं नाही. कॅफेत ही झुंबड होती म्हणे, तिची पाळी येईपर्यंत पाच वाजून गेले.

पल्लवीचा नंबर लागला. पेढे गल्लीभर वाटले, सविताच्या मामीलाही दिले. मामी म्हणाली, "लाईटीनं घात केला बघा आमच्या पोरीचा." मी तिच्याहून जास्त शिव्या घातल्या वीजवाल्यांना. दिवाळीच्या आत सविताचं लग्न उरकलं. मी गेले होते, ओटी भरली. ती पाया पडली आणि म्हणाली, "काकू, तुमी लई केलं माझ्यासाठी." मी तोंडभर आशीर्वाद दिला.

सासरी तिनं दोन पावसाळे काढले. मग निरोप आला. विहिरीवर गेली होती, पाय घसरला — असं सासरचे सांगतात. माहेरची माणसं पोचायच्या आत सगळं उरकलंही होतं. आता मामीही तसंच सांगते, पाय घसरला म्हणून. सगळी गल्ली तसंच सांगते. खरं काय झालं मला ठाऊक नाही. पण लोकांच्या तोंडी एखादी गोष्ट कशी बसते ते मला ठाऊक आहे. कुणीतरी एकदा बोलायचं असतं फक्त, ऐकणाऱ्याला ते बरं पडतं.

पल्लवी पुण्यात नोकरीला आहे. फोनवर आम्ही सगळं बोलतो, त्या दुपारचं सोडून.

मामी अजून येते. परवा स्वयंपाकघरात बसली होती, एकाएकी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "अक्का, त्या दिवशी तेवढा फॉर्म गेला असता तर जगली असती का ओ माझी पोरगी?"

"ज्याचं त्याचं नशीब, बाई," मी म्हणाले, आणि तिच्यासाठी चहा ठेवला.