घरभर फर्निचर आणि एक शिष्यवृत्ती

जुन्या फर्निचरची खरेदी-विक्री करणाऱ्या त्या माणसाला बाजारात सगळे टकटककाका म्हणत. कपाट असो, पलंग असो, समोर आलं की बोटाच्या पेराने टकटक केल्याशिवाय ते भाव काढत नसत. वरून चकाचक पॉलिश आणि आतून वाळवीने पोखरलेलं, असा माल त्यांनी इतका पाहिला होता की माणसांकडेही ते त्याच नजरेने बघू लागले होते. दूधवाल्याने हसून विचारपूस केली की आज दुधात पाणी जास्त, हे त्यांचं ठरलेलं. मेहुणा फोनवर गोड बोलला, की ते बायकोला म्हणत, "अगं, काहीतरी मागणार बघ." बरेचदा ते खरंही ठरे, त्यामुळे ती खोड सुटायचं काही कारणच नव्हतं.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीला बारावीनंतर भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. कॉलेज दुसऱ्या शहरात, फी डोळे पांढरे करणारी. मुलीने स्वतःच शोधाशोध करून एका न्यासाच्या शिष्यवृत्तीला अर्ज केला आणि यादीत नाव लागल्यावरच घरी सांगितलं.

"तिन्ही वर्षांची फी आणि वसतिगृहाचा खर्च ते देणार बाबा. फक्त एकदा घरी येऊन चौकशी करतील."

"आणि परत कधी करायचे?"

"परत करायचेच नसतात."

टकटककाकांच्या हातातला घास हातातच राहिला. "फुकट तर कोणी शिवीसुद्धा देत नाही. कुठे सही केलीस तू? नोकरीला बांधून घेणार असतील. नाहीतर त्यांचा एखादा बिनलग्नाचा पुतण्या असेल."

"अहो, पोरीच्या मार्कांवर मिळतेय," बायको म्हणाली.

"म्हणून तर जास्त संशय येतो."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते त्या न्यासाचं ऑफिस बघून आले. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. साहेबाचं टेबल मात्र भरीव लाकडाचं, जाड फळीचं. "असलं टेबल घेणारे लोक दुसऱ्याच्या पोरीची फी भरतील?" घरी येऊन त्यांनी निकाल दिला. चौकशीच्या दिवशी मुलीने मात्र पहाटेच उठून घर झाडून काढलं.

चौकशीला आलेल्या बाई सडपातळ होत्या, पन्नाशीच्या. चपला दारातच काढून त्या आत आल्या आणि थबकल्या. टकटककाकांचं दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं, त्यामुळे सगळा माल घरात. आठ खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, काचेची दोन कपाटं, नक्षीचा पलंग, माणसाएवढ्या उंचीचा आरसा. घरातली तिघं त्यातून वाट काढत आडवी-तिडवी चालत.

"हे सगळं तुमचं?" बाईंनी विचारलं.

टकटककाकांनी लगेच ताडलं. ही बाई तारण काय ठेवता येईल ते बघतेय! पण चारचौघांत कमीपणा घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि धंद्यातली गोष्ट परक्याला सांगणं तर नाहीच नाही. "माझंच," ते म्हणाले. "एकेक वस्तू अस्सल."

मुलीने तोंड उघडलं. त्यांनी असे डोळे वटारले की तिने ते मिटलं.

आठवड्याने ऑफिसातून फोन आला. घरची परिस्थिती उत्तम असल्याने नाव वगळण्यात येत आहे.

"खोटं का सांगितलंत?" मुलीने विचारलं. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

"खोटं कुठे? माल माझाच आहे ना?"

"उधारीवर आणलेला आहे बाबा."

ती उठून गेली. दोन दिवस तिने बापाच्या ताटात वाढलं, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग तिने एकटीने न्यासाच्या ऑफिसात जाऊन फेरतपासणी मागितली.

बाई दुसऱ्यांदा आल्या त्या न कळवता. आणि नशीब बघा, आदल्याच दिवशी गावाबाहेर नवं हॉटेल काढणाऱ्या एका मालकाने सगळा माल एकगठ्ठा उचलला होता. घर रिकामं, भिंतींवर कपाटांच्या आकाराचे पांढरे डाग, आणि तिघं जमिनीवर बसून जेवत होती.

"सामान कुठे हलवलंत?" बाई दारातूनच म्हणाल्या.

"विकलं."

"बरोबर तपासणीच्या वेळी?" त्या हसल्या. टकटककाकांनी ते हसू ओळखलं. गिऱ्हाईक 'हे आमच्या पणजोबांच्या वेळचं' म्हणू लागलं की ते स्वतः अगदी असंच हसत. आज त्यांच्यावरच कोणी पेर वाजवून बघत होतं. ताटावरून उठून त्यांनी हात धुतला. "चला माझ्याबरोबर. मालकालाच विचारा."

हॉटेलात त्यांचं टेबल मधोमध मांडलं होतं. मालक म्हणाला, "हो, यांच्याकडूनच घेतलं, ही बघा पावती. घासाघीस करून माझा जीव काढला."

"केवढ्याला विकलं ते कळलं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला केवढ्याला पडलं होतं?"

मालकाने कान टवकारले. इतक्या वर्षांत टकटककाकांनी खरेदीचा भाव बायकोलाही सांगितला नव्हता, गिऱ्हाइकासमोर तर बातच नको. या एका हॉटेलाच्या आणखी वीस खोल्या भरायच्या होत्या. त्यांनी घसा खाकरला. टेबलाचा भाव सांगितला. त्यात तोटा होता. पलंगात थोडं सुटलं होतं. काचेच्या कपाटांपाशी त्यांची जीभ अडखळली, पण तोही आकडा सांगितला.

"अरे, तिप्पट?" मालक ओरडला. "आणि मला भावासारखा म्हणत होतास!"

"धंद्यात म्हणतो मी तसं," टकटककाका खालमानेने म्हणाले. "भाडं, हमाल, उधारी जाऊन घरात काय राहतं, तेही सांगतो बाई. लिहून घ्या."

बाईंनी लिहून घेतलं. मालकाने त्याच जागी पुढची सगळी खरेदी रद्द केली.

परतीच्या वाटेवर टकटककाकांनी शेवटी विचारलंच, "खरं सांगा. तुम्ही लोक हे पैसे का देता?"

"मी कुठे देते? पैसे न्यासाचे. मला लबाड माणसं शोधायचा पगार मिळतो."

हे उत्तर मात्र त्यांना पटलं. त्या सगळ्या प्रकरणात बिनपॉलिशचं असं त्यांनी ऐकलेलं हे पहिलंच वाक्य.

शिष्यवृत्ती मंजूर झाली. मुलीला गाडीत बसवताना ते कानात पुटपुटले, "कोऱ्या कागदावर सही करू नकोस." ती हसली, बऱ्याच दिवसांनी. हॉटेलमालक मात्र पुन्हा कधी बोलला नाही, बाजारातही त्याने बोभाटा केला, आणि ते वर्ष तंगीत गेलं. बायको एकदा म्हणाली, "कपाटांचं नसतं सांगितलं तर?" ते म्हणाले, "बाई समोर उभी होती गं. पोरीचं काम होतं."

तीन वर्षांनी मुलगी पदवीधर झाली आणि धरणाच्या पायाची जमीन तपासायच्या कामाला लागली. टकटककाका वाट बघत राहिले, न्यासाचा माणूस काहीतरी मागायला येईल म्हणून. बेल वाजली की आधी खिडकीतून बघत. वर्ष उलटलं, कोणी आलं नाही. तेव्हा एका सकाळी दाढी करता करता ते बायकोला म्हणाले, "खरंच दिले की गं त्यांनी." आणि बराच वेळ गालावरचा साबण तसाच वाळत राहिला.