सगळ्यांना घेऊन या

माझी बायको सुशीला गेली त्या वर्षी आमच्या मराठी उपासनेत चार माणसं उरली होती, आणि त्या चारांतल्या एकाचा, म्हणजे माझा, प्रार्थनेवरचा विश्वास उडत चालला होता. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. अमेरिकेत चँडलरला आलो तेव्हा इथल्या कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपन्यांत मराठी कुटुंबं बरीच होती, म्हणून रविवारी दुपारी एका चर्चचा हॉल मागून घेतला आणि मराठीतून उपासना सुरू केली. सुशीला पेटी वाजवायची. मी सेक्रेटरी, म्हणजे दार उघडणं, खुर्च्या लावणं आणि उशिरा येणाऱ्यांकडे बघणं ही कामं माझी. पुढे कुणी गाव बदललं, मुलं इंग्रजी चर्चला जाऊ लागली. सुशीला गेल्यावर पेटी खोक्यात बंद झाली आणि आमचं गाणं म्हणजे चौघांचे चार सूर असा प्रकार झाला.

आमच्यानंतर चार वाजता त्याच हॉलमध्ये काँगोहून आलेल्या लोकांची उपासना असे. आले तेव्हा सात-आठ जण होते. वर्षभरात त्यांना पार्किंग पुरेना. इकडे आमचा आशीर्वाद संपायच्या आत बाहेर त्यांचे ढोल सुरू. मला त्यांचा चक्क हेवा वाटायचा. तेव्हा मात्र मी त्याला शिस्तीचा प्रश्न म्हणत असे.

शेवटी एकदा पार्किंगमध्ये त्यांच्या पास्टर एमानुएलना विचारलंच, की तुमच्याकडे चर्च वाढतं तरी कसं? जन्मभर इंजिनिअरिंग केलेला माणूस मी, मला प्रोसेस हवी होती. ते हसले. म्हणाले, गावाकडे त्यांच्या आजीने पाच बायकांना घेऊन आंब्याच्या झाडाखाली सुरुवात केली. कुणी दोन रविवार दिसलं नाही, की सगळे मिळून गात गात त्याच्या घरी जायचे. काय गोंधळ चाललाय म्हणून शेजारी बाहेर यायचे आणि तेही मागोमाग चालू लागायचे. पुढे झाडाशेजारी पत्र्याची शेड झाली. माणसं वाढली की एक भिंत पाडून पुढे सरकवायची. आता शेडला तीनच भिंती आहेत, चौथी कुणी बांधतच नाही.

"आणि पाऊस आला तर?" मी विचारलं.

"भिजतो," ते म्हणाले.

मग निरोप घेताना आपली माणसं जे म्हणतात तेच मी म्हणालो, "या एकदा घरी. सगळ्यांना घेऊन या." आपल्यात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. समोरचा "हो, येऊ की" म्हणतो आणि दोघेही आपापल्या गाडीत बसतात. पास्टरांनी मात्र खिशातून वही काढून माझा पत्ता लिहून घेतला.

त्यानंतरचे दोन रविवार मी गेलो नाही. गुडघा दुखतोय असं सांगितलं, पण खरं म्हणजे मनच उठत नव्हतं. आमच्या चौघांतल्या रत्नाकाकूंचा फोन आला, "अहो, तुम्ही उपासना कॅन्सल करताय का? क्लिअर सांगा, मी उगीच ड्राइव्ह करून यायला नको." शनिवारी दुपारी मी ईमेल लिहायला बसलो, की आता उपासना बंद करू या. शेवटी "आपला नम्र" लिहिलं आणि दाराची बेल वाजली.

दारात पास्टर, त्यांच्यामागे निदान तीस माणसं, हातात पातेली, गळ्यात ढोल. गाणं कोपऱ्यावरूनच सुरू झालं असावं, कारण समोरचे शेजारी पाण्याचा पाइप हातात धरून रस्त्यापर्यंत आले होते. मी अनवाणी उभा आहे हे बघून सगळ्यांनी न सांगता जोडे काढले. दारात जोड्यांचा ढीग झाला. आता चहा! एवढं मोठं भांडं घरात नव्हतं, म्हणून प्रेशर कुकरमध्ये चहा केला. कप आठ. बाकीच्यांना वाट्या, पेले, एकाला मोजमापाचा कप. तोही घराण्याचा दागिना धरावा तसा जपून धरून बसला.

त्यांच्यातल्या एक वयस्क बाई, मामा बेआट्रीस (त्यांच्याकडे मामा म्हणजे आई), कोपऱ्यातल्या खोक्यापाशी थांबल्या. यात काय आहे? मी सांगितलं. त्यांनी परवानगीही विचारली नाही, खोकं उघडलं. पेटीवर सुशीलाचा चष्मा होता आणि तिच्या अक्षरातली गीतांची यादी. मी वर्षभर रडलो नव्हतो. चहाचं गाळणं हातात धरून तिथेच रडलो.

"वाजवा," मामा म्हणाल्या.

मला पेटी येत नाही. सुशीला कधी थकली की मला शेजारी बसवायची आणि एक पट्टी दाखवून म्हणायची, "ही दाबून धरा, बाकी काही करू नका." तेवढंच येतं. मी भाता हलवला, ती पट्टी धरली. त्या एका सुरावर मामांनी स्वाहिलीत काहीतरी सुरू केलं, मग सगळ्यांनी उचललं. समोरचे शेजारी केव्हा आत आले, तेही मला कळलं नाही. त्यांच्या हातात वाटीभर चहा होता.

याला कुणी चमत्कार म्हणो, कुणी गैरसमज. मी वाद घालणार नाही. ती ईमेल अजून तशीच पडून आहे. उपासना चालू आहे. आम्ही चारच जण आहोत, पण काँगोची माणसं आता लवकर येतात आणि मागे बसून न कळणारं मराठी ऐकतात. मी पुढे बसून एक पट्टी धरतो. बाकी काही करत नाही.

जेवणाआधी मी लहानपणापासून एकच प्रार्थना करतो, की प्रभू, आमच्या घरी ये. खरं सांगायचं तर तीही मी रीत म्हणूनच म्हणत होतो, पार्किंगमध्ये म्हणावी तशी. त्याने मात्र पत्ता लिहून घेतला होता.