चाल आठवते, शब्द नाहीत

वैशाखातल्या दुपारी खिडकीतल्या कूलरमधून वाळ्याचा ओला, मातकट गंध घरभर पसरू लागला की नागपुरातल्या उन्हालाही क्षणभर विसरता येतं. बाहेर डांबर पाघळत असतं आणि आत, पडदे ओढलेल्या अर्धवट अंधारात, माणसं अंग टाकून पडलेली असतात. यंदा अशाच एका दुपारी, मुलीच्या, रेवाच्या, लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालता घालता, कूलरच्या घरघरीचा आधार घेऊन मी काहीतरी गुणगुणू लागले, आणि दोन ओळींनंतर ध्यानात आलं की आईने माझ्या हळदीला म्हटलेल्या गाण्याची ही चाल आहे. चाल अखंड होती, चढ-उतारांसह, श्वास घेण्याच्या जागांसह. शब्द मात्र एकही नव्हता.

आई जाऊन बरीच वर्षं लोटली. तिचा आवाज कुठेही ध्वनिमुद्रित झालेला नाही, आणि छायाचित्रांत ती सदैव कुणाच्या तरी खांद्यामागे उभी. म्हणून रेवाच्या हळदीला आजीचं गाणं व्हावं, तिच्याच शब्दांत व्हावं, हा माझा हट्ट होऊन बसला. हॉल, जेवणावळ, मेंदीवाली, सगळं एकेका फोनवर जमलं. हे एवढं एक गाणं काही जमेना.

रेवाने मला मोबाईलसमोर गुणगुणायला लावलं. त्या यंत्राने विचार केल्याचं सोंग करून आधी कुठल्याशा देवीची आरती पुढे केली, मग एक सिनेमातलं गाणं. संताप याचा आला, की दोन्हींत ती चाल थोडीथोडी होतीच. ओळखीच्या माणसाचं नाक परक्याच्या चेहऱ्यावर दिसावं, तशी.

शेवटी मी कळमेश्वरला फुलामावशीकडे गेले. ती आईची धाकटी बहीण. दोघी आयुष्यभर एका सुरात गायल्या. उन्हं उतरली होती, सडा टाकलेल्या अंगणातून वाफ आणि मातीचा वास वर येत होता. मी चाल गुणगुणले. मावशीचा चेहरा उजळला.

"अवं, हे त भुलाबाईचं गानं हाये!" ती म्हणाली, आणि डोळे मिटून गाऊही लागली. आश्विनातल्या संध्याकाळी पोरी भुलाबाईपुढे फेर धरतात, डब्यातला खाऊ ओळखायला लावतात, तेव्हाचं गाणं. चाल तंतोतंत तीच. आतून तिची जाऊ ओरडली, "भुलाबाईचं कायचं? आमच्या इकडं याच्यावर महादेवाचं म्हनतेत!" आणि डोंगर चढणाऱ्या यात्रेकरूंच्या आरोळीसकट तिने ते म्हणून दाखवलं. मग मावशीला त्याच चालीवरची दळणाची ओवी आठवली, ओवीवरून अंगाई आठवली, आणि दोघी एकमेकींना टाळ्या देत माझ्या आईच्या चालीत जगातलं सारं काही गाऊ लागल्या, एक आईचं गाणं सोडून.

लोकगीतांच्या अभ्यासकांना या प्रकाराचं केवढं कौतुक वाटेल! एकाच सुरावटीत पाळणा हलतो, जातं फिरतं, देव प्रसन्न होतो आणि लेक सासरी जाते. केवढी ही समृद्धी, केवढं ते औदार्य. असेल. मला त्या औदार्याचा तिटकारा आला होता. मी माझ्या आईची घागर शोधत होते आणि जो तो मला गावचा नळ दाखवत होता.

"मावशी, मला आईचे शब्द हवेत," मी जरा चिडूनच म्हटलं.

"तिचे कोनते शब्द?" मावशीला प्रश्नच कळला नाही. "हळदीले ज्या बाया बसतेत, त्याइचे नावं जोडाचे अन् म्हनाचं. तुह्या हळदीले जे होत्या, त्याइचे नावं तिनं घातले. हळद उतरली, गानं संपलं. ते कोनी जपून ठेवते काय वं?"

परतीच्या वाटेवर गाडीच्या काचेतून गरम वारा तोंडावर येत होता आणि मला मावशीचा, तिच्या जावेचा, त्या उधळ्या चालीचा, सगळ्यांचा सारखाच राग येत होता.

हळदीच्या सकाळी शेजारच्या हॉलमध्ये डीजेची चाचणी सुरू होती. इकडे ओल्या हळदीचा आणि आंब्याच्या पानांचा वास. पाटावर रेवा, भोवती बायका. मावशीने तीच चाल उचलली. आत्याचं नाव आलं, काकूचं आलं. जिचं नाव येई ती लाजून पदर तोंडाशी नेई. मी वाटी घेऊन नुसती ऐकत होते. मग मावशीने चालीतच विचारलं, "नवरीची माय कोन वं?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "कुसुमबाई माय वं..."

कुसुम म्हणजे माझी आई.

त्या क्षणी मला लख्ख आठवलं. माझ्या हळदीला या ओळीपाशी आई थबकली होती. स्वतःचं नाव स्वतःच कसं घेणार, म्हणून संकोचून हसली होती, आणि तिच्याऐवजी मावशीने ही ओळ ठणकावून म्हटली होती. एवढ्या शोधातून अखेर एक ओळ हाती आली, आणि तीही आईची नव्हती.

"अवं फुला, कुसुम कायची? नवरीची माय त हे वैशाली, समोर बसली हाये!" कुणीतरी म्हणालं. हशा उसळला. मावशीने जीभ चावली आणि ओळ पुन्हा धरली, "वैशालीबाई माय वं..."

त्या बायकांचा मला इतका राग आला, की हातातली वाटी खाली ठेवावी लागली. एका ओळीपुरती आई त्या मांडवात येऊन बसली होती. त्यांनी तिला हसत हसत उठवलं आणि तिच्या जागेवर मला बसवलं. गाणं थांबलं नाही. पाटावरची रेवाही हळदीने माखलेल्या हातांनी टाळ्या वाजवत त्यांच्यात म्हणत होती, आणि तिच्या तोंडून माझं नाव त्या चालीत अगदी चपखल बसत होतं.