सुप्याची एसटी

पोरींनो, आज मी सूड घेतला आणि अजून तरी मला वाईट वाटत नाहीये.

गेल्या वर्षी सणसरहून पुण्याला शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात स्वारगेटवरून वर्गातल्या ऋचाला फोन केला. शिवाजीनगरला कुठली बस जाते? तिनं मुद्दाम उलट्या दिशेच्या कात्रजची सांगितली. मी कात्रजला रडत उतरले आणि तिनं ते वर्गभर हसून सांगितलं.

आज ती प्रोजेक्टसाठी आमच्या गावाला निघाली. बारामती स्टँडवरून फोन, "कुठली एसटी धरू?"

म्हटलं, "सुप्याची." सुपे बरोबर उलट्या बाजूला.

तासाभरानं तिच्या फोनवरून एक म्हातारे तात्या बोलले. "पोरगी हितं सुप्यात बसलीय. तू सणसरच्या कुणाची गं?"

मी फोन कट केला. पण ऋचानं माझं आडनाव सांगितलं आणि तात्यांचे पाव्हणे नेमके आमच्याच गावात निघाले. तात्यांनी तिला चहा पाजून परतीच्या एसटीत बसवलं. ती पोचायच्या आधी माझ्या वडिलांना त्या पाव्हण्यांचा फोन आला होता.

"पाव्हण्या पोरीला असं करत्यात व्हय?" वडील एवढंच म्हणाले. मग तिला गरम भाकरी मीच वाढली.

चुकलं माझं, मान्य. पण त्या दिवशी मी कात्रजला रडत उभी होते, तेव्हा ऋचाला फोन करून कुणीच का विचारलं नाही, तू कुणाची गं?