बेटाचं गेट

बाबांना उघडी जागा सहन होत नसे. मैदान असो, देवळाचं पटांगण असो, लग्नाचा मांडव असो, आत पाऊल टाकायच्या आधी ते विचारायचे, "याला गेट कुठाय?" मीरा रोडच्या एका सोसायटीत ते चोवीस वर्षं वॉचमन होते. इतकी वर्षं फाटकाशी बसलेल्या माणसाला जगात आत आणि बाहेर एवढंच दिसतं.

त्यांच्या वहीत नाव लिहिल्याशिवाय कोणी आत गेलं नाही. एकदा एका नवरदेवाला घोड्यावरून वाकून सही करावी लागली. आमची खोली जवळच, गोडदेवला. आई दुपारी डबा घेऊन जायची, तर तिलाही सोडत नसत. कोणाला भेटायचं? वॉचमनला. काम? डबा. आईला सही करता यायला लागली ती या वहीमुळे. तिला तरी कशाला लिहायला लावता, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाय, नियम घरच्या माणसापासून सुरू केला की लोक वाद घालत नाहीत."

नवरा मला सोडून गेल्यावर मी भाईंदरला जैनांच्या घरी स्वयंपाकाची कामं धरली. त्यातल्या एका बाईंच्या भावाचं अंदमानातल्या लहानशा बेटावर हॉटेल होतं, किनाऱ्यावरच्या आठ झोपड्यांचं. पाहुणे बरेच गुजराती, आणि बेटावर सगळे मासे खाणारे. कांदा, लसूण, बटाटा न घालता रांधणारी बाई त्यांना हवी होती. मी हो म्हटलं. अनोळखी घरी पाणी मागायला लाजणारी मी, हो कशी म्हणाले कोण जाणे. पण तिथे सगळे त्या चुलीला माझी चूल म्हणायचे, आणि वर्षभरात मलाही ती माझी वाटायला लागली.

मग आई आणि बाबा मला भेटायला आले. भेटायला असं म्हणायचं एवढंच. आईने त्या माशांच्या बेटावर सुकट आणली होती, ती पिशवीतून काढताना मला परतीच्या तिकिटांचे कागद दिसले. तीन होते. बाई माणसाने पाण्यापलीकडे एकटीने राहू नये, असं बाबांचं मत होतं. मला जायचं नव्हतं. पण बाबांना मी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि माझ्याकडे आठ दिवस होते.

पहिला दिवस त्यांनी विमानतळाचं कौतुक करण्यात घालवला. दर दहा पावलांवर एकजण कागद बघतो, पिशवी उघडायला लावतो, कमरेचा पट्टा काढायला लावतो. बाकीचे प्रवासी वैतागलेले आणि बाबा खूष. आई सांगत होती, त्यांनी तपासणाऱ्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली, तर त्याने त्यांना पुन्हा तपासलं. त्यामुळे तर बाबा आणखीच खूष झाले.

संध्याकाळी ते गेट शोधायला निघाले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जंगल, कुंपण कुठेच नाही. परत आले तेव्हा चेहरा पडलेला. मॅनेजर मंडलबाबू त्यांना समजावत होते, "बाबा, इधर कौन आएगा? चारों तरफ पानी है."

"पानी है," बाबा म्हणाले, "मगर गेट नहीं है ना."

सकाळी उठून बघते तर दोन माडांना काथ्याची दोरी आडवी बांधलेली, शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीत बाबा आणि मांडीवर दुकानातून आणलेली शाळेची वही. दोरीच्या डावीकडे मोकळी वाळू, उजवीकडेही मोकळी वाळू. म्हशींचा कळप गेला असता. पण पाहुणे दोरीपाशी येऊन थांबत होते. रांगेत. आई म्हणाली, "अवो, बाजूने कोणीपण जाईल की." बाबा म्हणाले, जाईल, पण जात नाही, ते बघ. दुपारी मंडलबाबूसुद्धा दोरी खाली व्हायची वाट बघत उन्हात उभे होते.

नवं लग्न झालेलं एक जोडपं होतं. किससे मिलना है, असं बाबांनी विचारलं. मुलगी हसून म्हणाली, समुंदर से. बाबांनी गंभीरपणे भेटीच्या रकान्यात समुद्र लिहिलं आणि विचारलं, "उनको मालूम है, आप आ रहे हैं?"

मला मात्र स्वयंपाकघरात धास्ती होती. मंडलबाबू एक दिवस चिडतील, आईबाबांना बाहेर काढतील आणि त्यांच्याबरोबर मलाही. पाचव्या दिवशी ती वेळ आलीच असं वाटलं. सुरतेचे एक काका तीनला पोहायला म्हणून बाहेर गेले, त्यांची आत आल्याची नोंद नाही. तिथे पाच वाजताच दिवस मावळायला लागतो. बाबांनी गोडदेवहून आणलेली शिट्टी फुंकली. माणसं धावली, मंडलबाबूंनी होडी सोडली. काका त्या वेळी माझ्या चुलीपाशी बसून मुगाची खिचडी खात होते. सूर्य बुडायच्या आत जेवायचं म्हणून ते किनाऱ्यावरून थेट आत आले होते. बाहेर एवढा गोंधळ, आणि माझ्या तोंडून हाक फुटेना. शेवटी आईच्या कानात सांगितलं.

बाबा आले. काकांचं ताट पुसून होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "अब बाहर जाइए और गेट से आइए." काका ओल्या चड्डीवर बाहेर गेले, दोरीपाशी उभे राहिले, सही केली आणि आत आले.

मंडलबाबू चिडले नाहीत. त्यांनी बाबांना महिनाभर राहायचा आग्रह केला. बाबा म्हणाले, जमणार नाही, मुलीला घेऊन जायचंय. मंडलबाबूंनी माझ्याकडे बघितलं. मी पातेल्यात बघितलं.

आठव्या दिवशी आईने माझ्या साड्या तिच्या बॅगेत भरल्या. मी जेट्टीवर उतरलेली भाजी आणायला गेले होते. परत आले तर दोरी खाली झाली नाही. आठ दिवसांत बाबांनी मला एकदाही लिहायला लावलं नव्हतं. आज त्यांनी वही पुढे केली.

"कोणाला भेटायचं?"

भाजीची टोपली माझ्या डोक्यावर होती. मी म्हटलं, "कोणाला नाही. मी इथे राहते."

"राहतेस?"

"हो. इथेच राहणार."

बाबांनी वहीतल्या कोऱ्या ओळीकडे बघितलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग लिहायचं कशाला? राहणाऱ्याची एन्ट्री होत नाही," म्हणाले आणि दोरी खाली केली. आईने त्यांना चार शब्द सुनावत माझ्या साड्या परत काढल्या.

विमानात त्यांनी तिसऱ्या सीटवर कोणाला बसू दिलं नाही. आमचं माणूस आलं नाही, पण जागा आमची आहे, असं म्हणून तिथे नारळाची पिशवी ठेवली आणि तिला पट्टा बांधला. हे मला आईने फोनवर सांगितलं, रडत आणि हसत.

तीन वर्षांनी बाबांनी अंथरूण धरलं. मला बोलवायचं नाही, अशी आईला ताकीद होती. तिच्या आवाजावरून मी समजले आणि निघाले. गोडदेवच्या खोलीत शिरले तर बाबा पडल्या पडल्या रागावले. "ड्युटी सोडून आलीस? त्या लोकांना जेवायला कोण घालणार?" मी म्हटलं, एका बंगाली बाईला सगळं शिकवून आलेय. त्यांनी कांद्याचं विचारलं, बटाट्याचं विचारलं. तरी म्हणाले, "भरवसा नाही. मासे खाणारी ती."

त्यानंतर ते नऊ दिवस होते. रोज विचारायचे, परतीचं तिकीट काढलंस का. मी रोज हो म्हणायचे. काढलं नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता, मला तोंडाशी कान न्यावा लागला.

"खिडकीजवळचं आहे ना?"

मी म्हटलं, हो बाबा, खिडकीजवळचंच आहे.