मनगटाला बांधलेली दोरी

नवऱ्याने कपडे वाळत घालायचा माझा बांबू चिरला, तेव्हाच मी त्याला अडवायला हवं होतं. सिंगापूरला, जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. तो जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि त्याच्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, माझाही मुक्काम होता. पण लहानपणी कोकणातल्या नदीत बुडी मारून धनुष्यबाणाने मासे मारायचा, ते वेड काही डोक्यातून जात नव्हतं. बांबूचं हातभर धनुष्य झालं, सायकलच्या चाकाची तार घासून बाण झाला.

एका रविवारी सकाळी मला तलावावर घेऊन गेला. काठावर पाटी होती, पाण्यात उतरायला आणि मासे धरायला मनाई.

"पकडलं तर पास जाईल," मी म्हटलं.

"पाच मिनिटं गं. तू फक्त लक्ष ठेव."

स्वारी हट्टाला पेटली की ऐकते कुठे! बाणाला नायलॉनची दोरी होती. तिचं दुसरं टोक त्याने मनगटाला गाठ मारून बांधलं. त्याच्या गावाकडे असंच बांधतात, म्हणजे बाण हरवत नाही, मासाही निसटत नाही. पण तिथे पाणी कमरेएवढं. माशाने ओढलं तर नुसतं उभं राहायचं. इथे पाय टेकणार नाहीत, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

पोहायचा चष्मा लावून तो तीनदा बुडाला, तीनदा रिकाम्या हाताने वर आला. चौथ्यांदा बुडाला आणि पाणी एकदम ढवळलं. बाण लागलेल्या माशाची मोठी काळी पाठ वळली, पाण्यात पडलेल्या झाडाकडे गेली. मग नुसते बुडबुडे, आणि तेही थांबले. मला पोहता येत नाही.

तेवढ्यात मागून एक चिनी आजोबा फिरत आले. माझा चेहरा पाहून थांबले.

"यू ओके, गर्ल?"

ओरडायचं होतं मला, शपथ सांगते. पण तोंडातून निघालं, "ओके, अंकल. ओके लाह." इथल्या लोकांसारखं 'लाह' लावून वर हसलेसुद्धा. ते वळणाआड जाईपर्यंत मी त्यांच्याकडेच बघत राहिले. पाण्याकडे बघायची छाती होईना.

मग खोकला ऐकू आला. तो झाडाची फांदी धरून पाणी ओकत होता. दोरी खाली फांद्यांत गुंतली होती, गाठ त्याने दातांनी सोडवली होती. मनगटातून रक्त येत होतं. धनुष्य गेलं, मासा गेला. फांदी धरत धरत तो काठाशी आला, तेव्हा मी त्याला वर ओढलं.

"कुणी आलं होतं?" त्याने विचारलं.

"एक आजोबा."

"काही बोलली नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि त्याने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. "पास गेला असता."

मी हो म्हटलं. त्याला काय सांगणार? तो खाली गुदमरत होता, तेव्हा मलाही आधी पासच आठवला होता.